होडीचं माहेर उंबरगावच्या पलीकडे

अरबी समुद्रात महाराष्ट्र नेमका कुठे संपतो, हे तुमच्यापैकी कुणी सांगू शकेल का?

जमिनीवरचं विचारत नाही. जमिनीवरचं मला तोंडपाठ होतं. कोणता तालुका आपला, कोणत्या गावातली शाळा कोणत्या भाषेची, डांगातली माणसं घरात काय बोलतात, यावर मी लालबागच्या गिरण्यांच्या दारात उभा राहून पाळी सुटण्याआधी बोलायला लागे, तो पाळी सुटल्यावरही बोलत असे. त्यामुळे काही कामगार मागच्या दाराने घरी जात. मी विचारतोय ते पाण्याचं. मला हा प्रश्न एका म्हाताऱ्या बाईने विचारला, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत आमच्या घरात माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

आम्ही वरळीच्या कोळीवाड्यातले. घराच्या भिंतींना ओल यायची, म्हणून आई दादरच्या बाजारात मासळी विकून परतताना मिळतील ती पत्रकं गोळा करून आणायची आणि खळ लावून भिंतीला चिकटवायची. संपाची, सभांची, मोर्च्यांची, मधूनच एखादं खोकल्याच्या औषधाचं. मी अक्षरं शिकलो ती जमिनीवर उताणा पडून, या भिंतींवरची. 'जाहीर निषेध' हे मी वाचलेले पहिले दोन शब्द. पुढे शाळेत मास्तरांनी फळ्यावर 'घर' आणि 'कमळ' लिहिलं, तेव्हा मला ते फारच मिळमिळीत वाटलं.

मोठा झाल्यावर गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागलो आणि स्वतःच पत्रकं लिहू लागलो. कोळ्याचा मुलगा छापखान्यात कसा, तर त्याचं कारण मला बोट लागते. चालत्या होडीत लागते आणि नांगरलेल्या होडीतही लागते. बाबांनी हे समजूतदारपणे घेतलं होतं. म्हणजे पोरगा हुशार आहे, असं ते लोकांना सांगत.

बाबांची होडी एका उशिरा आलेल्या वादळात किल्ल्याखालच्या खडकावर आपटून फुटली. होडीच्या मालकाला आमच्याकडे नाखवा म्हणतात. होडी गेल्यावरही काही दिवस लोक सवयीने बाबांना नाखवाच म्हणत राहिले, मग हळूहळू नावाने हाक मारू लागले. बाबा माझ्या मामाच्या होडीवर खलाशी म्हणून जाऊ लागले. मामा आईचा धाकटा भाऊ, मनाने चांगला, आणि खरी अडचण तीच होती. "भावजी, तुमी बसा आरामात, जाळं पोरं वढतील," असं तो सगळ्यांदेखत म्हणायचा. बाबा घरी येऊन म्हणायचे, "ह्यापेक्षा त्यानं मना शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

एके दिवशी त्यांनी सांगून टाकलं. येत्या नारळी पौर्णिमेला स्वतःच्या होडीतून दर्याला नारळ देता आला नाही, तर जाळी विकून टाकायची आणि पुन्हा समुद्राचं नाव काढायचं नाही. ते हे बोलून थांबले नाहीत. त्यांनी जाळ्यांची भोकं भलत्याच नीटनेटकेपणाने शिवायला घेतली. वापरायचं जाळं कुणी इतकं सुबक शिवत नाही. आईने ते पाहिलं आणि दुसऱ्याच दिवसापासून बाजारात ती प्रत्येक ओळखीच्या माणसाला विचारू लागली, कुठे वापरलेली होडी आहे का म्हणून.

होडी सापडली ती उंबरगावच्या पुढच्या एका गावात. मालकाने बर्फाचा धंदा सुरू केला होता आणि होडी किनाऱ्यावर नुसती उभी होती. तेव्हा मुंबई आणि गुजरात एकाच द्विभाषिक राज्यात कोंबलेले होते, म्हणजे मधे सीमा अशी नव्हतीच. ती व्हावी म्हणून तर मी घसा फोडत होतो. तरी कोळीवाड्यात सगळे 'सीमेपलीकडची होडी' असंच म्हणत, आणि याचं श्रेय मी माझ्या पत्रकांना देतो.

बाबा जाऊन बघून आले. त्यांनी फळ्या बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिल्या, आत उतरून वास घेतला, आणि घरी येऊन आईला म्हणाले, "चांगल्या घरची हाय."

"मग अडलं कशाला?"

"ती लोकं आपलं घर बघायला येतील. मग ठरवतील."

त्या घराची रीत अशी होती की होडी विकायची नाही, द्यायची. पैसे घ्यायचे, पण आधी मुलगी देताना बघतात तसं घर बघायचं, माणसं बघायची, आणि दिल्यावर दर शिमग्याला होडीने एकदा माहेरच्या किनाऱ्याला यायचं. तिथल्या बायका तिची ओटी भरणार, मग तिने परत सासरी जायचं. एक शिमगा चुकला तर होडी परत द्यायची. बाबांना यात काहीच वावगं वाटलं नाही. मला ही सरंजामी प्रथा वाटली, पण माझं मत कुणी विचारलं नव्हतं.

ठरल्या दिवशी मालक, आणि नव्या लुगड्यांत त्याची म्हातारी आई आणि दोन काकवा, असे सगळे नारळ आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या गल्लीत शिरले. कोळीवाड्याला याचा एकच अर्थ लागणं शक्य होतं. मी पंचविशीचा, नोकरीतला आणि बिनलग्नाचा. शेजारची काकू दारात येऊन आईला हळूच म्हणाली, "पोरगी कशी हाय गो?"

आईला एवढं पुरलं. "रंगानं काळी," ती म्हणाली, "पन अंगानं भक्कम. धा-बारा मानसं बसली तरी हालायची नाय."

काकू विचारात पडून घरी गेली. संध्याकाळपर्यंत बातमी प्रभादेवी ओलांडून दादरला पोचली की संयुक्त महाराष्ट्रवाल्या पोराने गुजरातेतली मुलगी केली.

म्हातारी घरात टेकलीच नाही. ती आधी किनाऱ्यावर गेली आणि मागोमाग आम्ही सगळे, मामासुद्धा.

"इथं दगड हाय," ती म्हणाली. "पोट घासेल तिचं."

बाबांनी पलीकडची रेती दाखवली.

"तेल कोन लावते?"

"मी सोता लावतंय."

"दारू पिऊन बसते काय कोन तिच्यात?"

बाबांनी मामाकडे पाहिलं. "तो त्याच्या होडीत पितो," ते म्हणाले.

मामाने पहिल्यांदाच खाली मान घातली आणि बाबांच्या चेहऱ्यावर मला फार दिवसांनी थोडी तरतरी दिसली. म्हातारीही खूश होती. "सारू हाय," ती म्हणाली आणि जेवायला बसायला तयार झाली. आईने बोंबलाचं कालवण आणि भात वाढला. नारळ मालकाच्या मांडीशीच होता. तो पुढे सरकवला की सोयरीक पक्की.

इतक्यात मालकाची नजर भिंतीवर गेली. त्याला आपली अक्षरं थोडीफार लागत. बोट फिरवत तो मोठ्याने वाचू लागला, "सीमा आखा. आजच आखा." मग त्याने विचारलं, "ही सीमा कसली?"

ते पत्रक माझं होतं. माझ्या पत्रकाविषयी कुणी आपणहून प्रश्न विचारण्याची ती पहिलीच वेळ, म्हणून मी उत्तर जरा सविस्तर दिलं. आईने मधे दोनदा भात वाढला.

माझं संपल्यावर म्हातारी म्हणाली, "म्हंजे आमचं गाव कुठं?"

"आमच्या मागणीप्रमाणे महाराष्ट्रात."

"आनि त्या लोकांच्या मागणीप्रमाणे?"

"गुजरातेत."

"आमाला कोन विचारलं?"

"आजी, तुमची भाषाच सांगते ना. तुम्ही 'मना' म्हणता, आम्हीपण 'मना' म्हणतो."

"आमी 'केम छो'पन म्हणते," म्हातारी म्हणाली. "पाहुना बघून म्हणते."

मग मी सागाचा मुद्दा काढला. होडीचा साग डांगातला, डांग आपला, तेव्हा होडी मुळात आपलीच आहे आणि खरं तर ती माहेरीच येते आहे. मालक म्हणाला की साग त्याच्या बापाने एका कच्छी व्यापाऱ्याकडून घेतला होता, आणि बाप त्याला शेवटपर्यंत शिव्या देत असे. एवढ्याने मी गप्प बसणारा नव्हतो, पण म्हातारीने ताट बाजूला सारलं.

"लाइन मधी आली," ती म्हणाली, "तर माझी पोरी शिमग्याला कशी यायची?"

मालकाने नारळ मांडीवर घेतला. म्हातारी थांबली नाही.

"गाडीरस्त्याला नाका असते, तसा पान्यात नाका घातला तर? शिपाई बोलेल, परत जा. मग मी वाट बघत बसू?" तिने माझ्याकडे बोट केलं. "ह्या पोराला सांगू दे, लाइन पान्यात येनार नाय. तो बोलला की पोरी तुमची."

सगळे माझ्याकडे बघू लागले. बाबा तेवढे बघत नव्हते. ते आपल्या ताटाकडे बघत होते, आणि ते जास्त वाईट होतं. एक वाक्य बोलायचं होतं. पण मी पत्रकात न पडताळलेला शब्द कधी छापला नव्हता. छापील खोटं बोलायचं नाही आणि तोंडी खोटं चालतं, असा फरक मला करता येईना.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"रोज लाइन पायजे, लाइन पायजे करून घसा बसवतोस," आई म्हणाली. "आता बाय विचारते, कुठं पायजे, तर तुना म्हायीत नाय?"

पाहुण्यांनी पेढे ठेवले आणि नारळ परत नेला. पाऊस लागायच्या आत काय ते सांगा, असं म्हणून गेले. बाबांनी जाळं शिवायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी दादरला चळवळीच्या कचेरीत गेलो. तिथे बातमी माझ्याआधी पोचलेली होतीच. आमचे तिथले प्रमुख वयाने वडीलधारे, जाड भिंगांचे, पेशाने वकील. त्यांनी मला खुर्ची दिली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"प्रेम ही खाजगी बाब आहे, मान्य," ते म्हणाले. "पण वेळ बघायची होतीस."

"ती होडी आहे," मी म्हणालो.

हे त्यांना पटवायला वेळ लागला. पटल्यावर ते निराश झाल्यासारखे दिसले, कारण त्यांनी समजूत घालण्याची बरीच तयारी केली असावी. मग मी म्हातारीचा प्रश्न मांडला. सगळे उठून भिंतीवरच्या नकाशापाशी गेले. आमची मागणी लाल पेन्सिलीने त्यावर मोठ्या मेहनतीने दाखवलेली होती. गाव न् गाव धरून वळणं घेत रेघ किनाऱ्यापर्यंत आली होती आणि तिथे थांबली होती. पुढे सगळं निळं.

"समुद्राचा मुद्दा अजून चर्चेला आलेला नाही," प्रमुख म्हणाले.

"मग आता घेऊ या."

एकाचं म्हणणं पडलं की दमणपर्यंतचं पाणी मागावं, म्हणजे तडजोडीत निम्मं तरी पदरात पडेल. दुसरा म्हणाला, दमणमध्ये पोर्तुगीज आहेत, तो वेगळा लढा आहे, दोन्ही एकदम नकोत. तिसरा शाकाहारी होता, त्याने मतदानात भाग घेतला नाही. शेवटी प्रमुखांनी पट्टी घेतली आणि लाल रेघ सरळ पश्चिमेकडे ओढत नेली. नकाशा एका साबणाच्या कॅलेंडरवरचा होता, कडेला साबणाची वडी छापलेली. रेघ समुद्र ओलांडून साबणाच्या वडीत शिरली तेव्हा ते थांबले.

"खोडा ती," मी म्हणालो.

"तात्पुरती आहे."

"तात्पुरती असली तरी खोडा. आमच्या होड्या कुठून कुठे जातात, कुणाला विचारलंत?"

"तू त्या म्हातारीला सांगून टाक की रेघ येणार नाही," ते मऊपणे म्हणाले. "होडी पदरात पाडून घे. चळवळीत एवढं चालतं."

"चालतं म्हणून तर ती विश्वास ठेवत नाही," मी म्हणालो आणि रबर मागितलं. कचेरीत रबर नव्हतं. मी थुंकी लावून ती रेघ पुसली. अरबी समुद्राला तिथे भोक पडलं.

पाऊस लागायच्या आधी आम्ही म्हातारीच्या गावी गेलो, आणि जायला होडी मामाचीच. "भावजी, तुमी बसा आरामात," तो म्हणाला आणि बाबा बसले. मी जाळ्यांच्या ढिगावर आडवा होतो. किनारा आला तेव्हा मला दोघांनी धरून उतरवलं. म्हणजे आमच्या बाजूची छाप कशी पडली असेल, याची कल्पना करा.

म्हातारी रेतीत होडीच्या सावलीत बसली होती. मी तिला खरं ते सांगितलं.

"आजी, कुणालाच माहीत नाही. मी विचारून आलो. त्यांनी समुद्राचा विचारच केलेला नाही."

"मग?"

"पाण्यात रेघ ओढायला कुणी निघालं, तर मी त्याच्याविरुद्ध लिहीन. आपला असला तरी. लिहूनच आणलंय."

"मना वाचता येत नाय. बोलून दाखव."

मी उभा राहिलो आणि पत्रक वाचायला लागलो. गाव जमा झालं. दर्या हा सर्वांचा, इथून सुरुवात होती. पहिली मागणी अशी की माहेरी जाणाऱ्या होडीला कुणी अडवू नये. लोकांना भाषा कळत होती, आणि कळते आहे हे त्यांनी लगेच दाखवून दिलं. एक म्हातारा म्हणाला, मिठाच्या भावाचंपण घाल. दुसऱ्याला लाकडाचा परवाना घालून हवा होता. मालकाला बर्फ. एक बाई म्हणाली की तिचा नवरा मुंबईला गेला तो परत आला नाही, तेपण लिही. मी सगळं लिहून घेत होतो, घेतलेलं पुन्हा वाचत होतो, आणि कशाचा कशाशी संबंध आहे ते समजावून सांगत होतो. मधे कधीतरी म्हातारीचा डोळा लागला. जागी झाली तेव्हा मी बर्फाच्या मुद्द्यावर होतो.

तिने आईला विचारलं, "हा किती वेळ बोलते?"

"थांबवला नाय तर सकाळपातूर," आई म्हणाली.

म्हातारीने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, बघायला आलेल्या मुलाला पाहतात तसं.

"मग सारू," ती म्हणाली. "दर शिमग्याला ह्याला पोरीसंगं पाठवा. पान्यात नाका आलाच, तर ह्याला शिपायासमोर उभा करा. शिपाई कंटाळून सोडून देल."

मला बोट लागते, हे सांगायला मी तोंड उघडलं. आई त्याआधीच हो म्हणाली होती.

मालकाने नारळ बाबांच्या हातात दिला. बायकांनी होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, हिरवं खणाचं कापड अंथरलं, तांदूळ आणि सुपारी ठेवली, हळदकुंकू लावलं आणि खरोखर रडल्या. बाबांना टोपी मिळाली. ती घालून, हात कुठे ठेवावेत हे न सुचून, ते मुलाच्या बापासारखे अवघडून उभे होते. पण होडी पाण्यात ढकलल्यावर ते सुकाणूवर बसले, तेव्हा हातांना बरोबर जागा सापडली. त्यांनी वळून मामाला हाक दिली, "तू हो पुढं. बस आरामात." मी नव्या होडीच्या तळाशी आडवा होतो, त्यामुळे मामाचा चेहरा मला दिसला नाही. आईने तो परत परत वर्णन करून सांगितला आहे.

नारळी पौर्णिमेला बाबांनी स्वतःच्या होडीतून नारळ दिला. दुसऱ्या सकाळी गल्लीत कुणीतरी "नाखवा" म्हणून हाक मारली. बाबांना ऐकू आलं होतं. तरी ते लगेच वळले नाहीत. माणसाने दुसऱ्यांदा हाक मारल्यावर वळले.

मग राज्य झालं. शिवाजी पार्कवर त्या रात्री मीही होतो आणि माझा घसा आठवडाभर बसला होता. म्हातारीचं गाव मात्र रेघेच्या पलीकडे गेलं. ते मला मान्य नाही आणि तसं मी छापलं आहे. राज्य मागितलं ते बरोबरच मागितलं, पुन्हा वेळ आली तर पुन्हा गिरणीच्या दारात उभा राहीन. पण राज्य झाल्यानंतरच्या पहिल्या शिमग्याला मी होडीत बसलो तो सगळे मुद्दे खिशात घेऊन. नाळेशी बसून मी समोरच्या पाण्यावर नजर लावली होती. उंबरगाव दिसायला लागलं. पाणी अलीकडे जसं होतं तसंच पलीकडे होतं. शिपाई नाही, नाका नाही, साधी एक काठीसुद्धा रोवलेली नाही.

"कुठं हाय रं तुझी लाइन?" बाबांनी सुकाणूवरून विचारलं.

मी उत्तर द्यायला उभा राहिलो, आणि सीमा अंदाजे जिथे असावी तिथे समुद्रात ओकलो. भाषण खिशातच राहिलं. किनाऱ्यावर म्हातारीने होडीच्या नाळेवरून हात फिरवला, तिची ओटी भरली आणि मला लिंबाचं सरबत दिलं.

हे सगळं आज लिहायचं कारण असं की आता कानावर येतंय, पलीकडच्या किनाऱ्याला जाणाऱ्या होड्यांना परवाना लावायचा विचार कुठल्याशा टेबलावर चालू आहे. फेरीगणिक अर्ज, अर्जागणिक खेपा. ज्याने हे सुचवलं तो माणूस वाईट नसेल, त्याच्या नकाशात समुद्र निळा आणि रिकामा असेल एवढंच. पण आमच्या होडीचा सौदा माहेरच्या वाटेवर झाला आहे. एक शिमगा चुकला तर म्हातारी होडी परत मागेल, आणि बाबा ती देतील, कारण त्यांनी नारळ हातात घेतला होता. मग ते पुन्हा मामाच्या होडीत बसतील. तो त्यांना आरामात बसा म्हणेल.

मी माझ्याकडून लिहितो आहे, बोलतो आहे, लोक मागच्या दाराने जाताहेत. म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या आमदाराच्या नावाने एक कार्ड टाका. मासळी बाजारातून परतताना टाकलंत तरी चालेल. त्यावर एवढंच लिहा की शिमग्याला माहेरी जाणाऱ्या होडीला परवाना मागू नका. मराठीत लिहा, गुजरातीत लिहा, खाली स्वतःचं नाव घाला. शिमगा जवळ आलाय, तेव्हा उद्यावर टाकू नका.